छपराचा बोर्ड

फौजेत कुठलीही वस्तू मोडली की आधी तिच्यावर बोर्ड बसतो, दुरुस्ती नंतर. जनरेटर असो, तंबू असो नाहीतर मेसमधली पंचवीस वर्षं जुनी सतरंजी असो. एक अधिकारी आणि दोन जेसीओ जमतात, वस्तूभोवती एक चक्कर मारतात, चहा पितात आणि 'बोर्ड प्रोसीडिंग्ज' तयार होतात. जुन्या वाचकांना हे सांगायला नकोच. अशा किती कागदांवर 'प्रिसायडिंग ऑफिसर' म्हणून सह्या केल्या हे मला आठवत नाही. त्यातला एक मात्र विसरता येत नाही. तो बोर्ड नारळाच्या झावळ्यांच्या छपरावर बसला होता.

२०१६ च्या जूनमध्ये मी नियंत्रण रेषेवरून थेट चेन्नईला आलो. सामानात दोन स्लीपिंग बॅगा आणि कोट-पारका, आणि स्टेशनवर उतरताच शर्ट पाठीला चिकटलेला. युनिट म्हणजे एक लहानसा ट्रेनिंग सेटअप होता, सेंट थॉमस माउंटच्या बाजूला. तमिळ लोक या टेकडीला परंगिमलै म्हणतात. डोक्यावरून दर काही मिनिटांनी मीनंबाक्कमला उतरणारं विमान जायचं आणि उस्तादाला वाक्य अर्ध्यावर थांबवावं लागायचं.

पहिल्याच दिवशी सीओंनी रेंजच्या बाजूला नेलं. चिंचेच्या झाडांच्या ओळीला लागून एक लांबलचक छप्पर होतं. भिंती नाहीत. सुरूच्या लाकडाचे खांब, त्यावर बांबू, बांबूंवर झाप. खाली साठेक जवान वेपन ट्रेनिंगच्या क्लासला बसलेले. बाहेर डोळे उघडवत नव्हते. आत दोन पावलं टाकली आणि खांदे आपोआप सैल झाले. पंखा नाही, काही नाही. झापांच्या फटींतून प्रकाशाचे ठिपके जमिनीवर हलत होते आणि वाळल्या पानांचा तो वास होता.

ईशान्येत नोकरी केलेल्यांना 'बाशा' म्हटलं की लगेच कळेल. इथल्या लोकांचा शब्द 'कूरै'. विणलेल्या झापाला 'कीट्रु'. कोकणातल्या माणसाला हे काम नवीन नाही : झावळी मधोमध चिरायची, पाण्यात भिजत घालायची, मग पाती एकाआड एक विणायच्या. घालताना वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे चढत जायचं, म्हणजे वरच्या झापाचं पाणी खालच्याच्या पाठीवर पडतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण ज्याने केली त्याने छप्पर स्वतः शाकारलेलं असणार.

मी आजऱ्याकडचा. आमच्याकडे झाप नसतात, डोंगरातलं गवत असतं आणि त्याखाली उसाचा पाला. घर कौलारू झालं ते माझ्या लहानपणीच, पण मागची पडवी वडील असेपर्यंत गवताचीच राहिली. दर वैशाखात ते शेजारच्या दोघांना घेऊन शाकारणीला बसायचे. वाखाची दोरी दातात धरून पाख्यावर उकिडवे बसलेले वडील, हे माझ्या डोक्यातलं त्यांचं कायमचं चित्र. २००९ ला ते गेले. त्यानंतर आई दरवर्षी फोनवर एकदा तरी म्हणायची, "त्या पडवीवर पत्रा घालूया का रं?" आणि मी, कुठल्या ना कुठल्या बंकरमधून, दरवर्षी सांगायचो, "राहू दे गं. किती गार असतं तिथं. दादांची पडवी आहे ती." पैसे पाठवायचो. गडी मिळव, गवत मिळव, हे तिचं काम.

तर सांगायचा मुद्दा असा, की त्या रेंजवरच्या छपराशी माझं पहिल्याच दिवशी जमलं. नंतर मुलीचंही जमलं. रविवारी सकाळी युनिटमधल्या मुलांचा चित्रकलेचा वर्ग तिथे भरायचा. ती सात वर्षांची होती आणि तिच्या मते चेन्नईत बघण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या : समुद्र आणि ते छप्पर.

छपराची देखभाल एक म्हातारे गृहस्थ करायचे. सगळे त्यांना 'ताता' म्हणत, म्हणजे आजोबा. वंडलूरच्या पुढच्या एका गावातून सायकल टेम्पोत घालून यायचे. झाप त्यांची बायको आणि सून घरी विणायच्या, बांधायचं काम तातांचं. नारळाचा झाप वर्ष-दोन वर्षांत कुजतो, ताडाच्या पानांचं छप्पर जास्त टिकतं. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष. पण चेन्नईच्या आसपास ताडाची पानं उतरवणारी माणसं आता कमी झाली, असं तातांचं म्हणणं होतं.

त्या वर्षी डिसेंबर फार जड गेला. ५ तारखेला जयललिता गेल्या. शहर अजून सावरत होतं, एटीएमसमोरच्या रांगा होत्याच. १२ तारखेला 'वरदा' वादळ थेट चेन्नईवर आलं. सकाळपासून वारा, दुपारी त्याचं रूप बदललं. मग एकदम शांत झालं, इतकं की लोक बाहेर येऊन आकाशाकडे बघायला लागले. आमच्या सुबेदार साहेबांनी ओरडून सगळ्यांना आत पिटाळलं. वादळाचा डोळा डोक्यावरून जात होता. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने सुरू झाला आणि पहिल्या झोतात वाकलेली झाडं दुसऱ्यात मुळासकट पडली. शहरात हजारो झाडं गेली. आमच्या चिंचांपैकी चार.

दुसऱ्या दिवशी पाहणीला गेलो. छपराचे खांब उभे होते, वरचे निम्म्याहून जास्त झाप गायब. रेंजभर विखुरलेले. कुणाला लागलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं. गाड्यांच्या शेडचा एक पत्रा मात्र हुक उपटून उडाला होता आणि पन्नासेक पावलांवरच्या निंबाच्या खोडात सुरीसारखा रुतून बसला होता. दोन जवानांना ओढून काढावा लागला. माणसाच्या मानेच्या उंचीवर होता तो.

जानेवारीत बोर्ड निघाला. विषय : ट्रेनिंग शेडचं छप्पर पूर्ववत करावं की पक्कं करावं. प्रिसायडिंग ऑफिसर मी. सदस्य दोन, त्यातले एक तेच सुबेदार साहेब.

मी मसुदा एका बैठकीत लिहून काढला. आजही वाचला तर मुद्देसूद वाटेल. पक्कं छप्पर म्हणजे बहुतेक वेळा पत्रा. पत्रा म्हणजे मे महिन्यात तवा. या शहरात ३१ मे २००३ रोजी पारा ४५ अंशांवर गेला होता. इथे मे महिन्यातल्या त्या दिवसांना 'अग्नि नक्षत्रम्' असं नावच आहे. पावसात पत्र्याखाली क्लास घेता येत नाही, उस्तादाचा आवाज पोचत नाही. सिमेंटचा पत्रा म्हणाल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस. साठाहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली आहे, आपल्याकडे अजून चालतं. समुद्राची हवा, गंज. आणि वादळात झाप उडाला तर झाप असतो, पत्रा उडाला तर काय होतं हे निंबाच्या खोडावर लिहिलेलं आहे. चौथ्या परिच्छेदात मी तातांच्या कुटुंबाच्या रोजगाराचाही उल्लेख केला होता. स्वतःवर खूश होतो.

सुबेदार साहेबांनी मसुदा वाचला. सावकाश वाचतात ते, ओळीखाली बोट धरून. मग कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साब, मेरा गाँव कुंभकोणम के पास है."

मला क्षणभर संबंध लागला नाही. मग लागला.

१६ जुलै २००४, शुक्रवार. कुंभकोणममधली एक खासगी शाळा. दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात आग लागली, तिथलं झावळ्यांचं छप्पर पेटलं, तिथून ती वरच्या वर्गांवरच्या छपराकडे गेली. जिना अरुंद. जळतं छप्पर मुलांवर कोसळलं. ९४ मुलं गेली, बहुतेक प्राथमिकच्या वर्गांतली. त्यानंतर तमिळनाडू सरकारने राज्यभरातल्या शाळांवरची झावळ्यांची छपरं उतरवायला लावली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशातल्या शाळांसाठी अग्निसुरक्षेचे आदेश दिले, तो खटलाही या आगीनंतरच उभा राहिलेला. हे सगळं मला माहीत होतं. बातम्यांत वाचलं होतं. २००४ साली मी लेफ्टनंट होतो.

सुबेदार साहेब तेव्हा लान्स नाईक होते आणि रजेवर गावी होते. रक्त द्यायला म्हणून मित्राच्या मोटरसायकलवर इस्पितळात गेले. तिथे रक्त कुणाला हवं होतं, असं ते म्हणाले आणि पुढचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. शिपायाने थांबवलेलं वाक्य उकरून काढायचं नसतं.

मी तरी म्हणालो, "पण साहेब, ही उघडी शेड आहे. भिंती नाहीत, जिना नाही. जवान दहा सेकंदांत बाहेर पडतील."

"जवान पडतील, साब," ते म्हणाले. "रविवारी मुलं बसतात. आणि बडाखान्याला आपण भट्टी कुठे लावतो?"

भट्टी आपण वाऱ्याच्या बाजूला, छपरापासून दहा-बारा पावलांवर लावत होतो. मीच जागा ठरवून दिली होती. पावसाची शक्यता असली तर सरकवून वळचणीखाली घ्यायचो. फायर पॉइंटवर लाल बादल्या होत्या, वाळू होती, महिन्याला ड्रिल होत होती. सगळं कागदावर बरोबर होतं.

त्याच आठवड्यात ताता अंदाज द्यायला आले. किती झाप लागतील, किती दिवस. मी सुबेदार साहेबांना मधे घेऊन त्यांना विचारलं, तुमचं स्वतःचं घर कसलं आहे? माझी खात्री होती की ते कूरैचंच असणार. तातांनी अभिमानाने सांगितलं : काँक्रीटचं. २०१० मध्ये राज्य सरकारने झोपड्यांच्या जागी पक्की घरं बांधायची योजना काढली होती, सहा वर्षांत एकवीस लाख घरं. त्यात त्यांचा नंबर लागला. पुढच्याच वर्षी सरकार बदललं, योजना बदलली, सौर दिव्यांची हिरवी घरं आली. धाकट्या भावाचा नंबर त्या अदलाबदलीत राहिला तो राहिलाच. (अलीकडे, २०२४ मध्ये, पुन्हा नवी योजना आली आहे, २०३० पर्यंत आठ लाख घरं. म्हणजे एवढ्या योजनांनंतरही राज्यात आठ लाख कुटुंबं झापाखाली होती तर. तातांचा भाऊ त्यात असावा अशी आशा.)

मी म्हणालो, पण काँक्रीट तापत असेल. तापतं ना, ताता म्हणाले. म्हणून पुढे झापांचा मांडव घातलाय, उन्हाळ्यात दुपारी तिथे पडतो. मग ते माझ्याकडे बघून काहीतरी लांबलचक बोलले आणि हसले. सुबेदार साहेब भाषांतर करायला कचरत होते. मी आग्रह केला.

"साब, ते विचारतायत, ऑफिसरला कूरै आवडते हे चांगलं आहे. पण ऑफिसर तिच्याखाली नोव्हेंबरात झोपलेत का? रात्रभर भांडी सरकवलीत का?"

चेन्नईचा खरा पाऊस नोव्हेंबरात. मी काही उत्तर दिलं नाही. चहा मागवला.

आता यानंतरचं सांगायला थोडं अवघड आहे. त्या रविवारी आईला फोन केला तो नेहमीचा. बोलता बोलता ती म्हणाली, भाकरी शेजारची पोरगी थापून देते. का? तर हाताला जोर येत नाही अजून. कसला हात? मग बाहेर आलं. मागच्या जुलैत पडवीत पाणी गळून सारवलेली जमीन निसरडी झाली होती. रात्री पातेलं सरकवायला उठली आणि पडली. मनगट मोडलं. गडहिंग्लजला जाऊन प्लास्टर घातलं, दीड महिन्याने काढलं. मी दिवाळीला दोन दिवस जाऊन आलो होतो. तिने पदराखाली हात ठेवला असेल, मला दिसलं नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कशाला लांब घोर लावायचा?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि तू म्हणाला असतास, राहू दे, गार असतं."

ती टोमणा मारत नव्हती, मी तसंच म्हणालो असतो, म्हणून म्हणाली.

सोमवारी ऑफिसात जाऊन मसुदा उघडला. निष्कर्ष बदलला. चौथा परिच्छेद काढला. बाकीचे मुद्दे मात्र तसेच ठेवले, कारण ते खोटे नव्हते. बोर्डाने शिफारस केली की छप्पर पक्कं करावं, पण असं करावं की खाली माणूस बसू शकेल. एमईएसचे एक तरुण इंजिनिअर होते, त्यांनी मनापासून डोकं लावलं. साधा जस्ताचा पत्रा नको, अ‍ॅल्युमिनियम-जस्ताच्या मुलाम्याचा घ्या, तो या हवेत जास्त टिकतो. वरून पांढरा. छताची उंची वाढवा, आढ्याला गरम हवा बाहेर जायला फट ठेवा, खाली उष्णता अडवणारा न पेटणारा थर द्या. आणि हुक नकोत, रबरी वॉशरचे स्क्रू, कडेच्या ओळींत जवळजवळ, कारण वारा पत्रा उचलतो तो कडेपासून. वरदामध्ये उडालेल्या पत्र्याचे हुक त्यांनी टेबलावर मांडून दाखवले. निम्मे गंजून काडीसारखे झाले होते. दोष पत्र्याचा कमी, हुकांचा जास्त. आपण छप्पर बदलतो आणि त्याच्याकडे बघायची सवय सोडून देतो, असं ते म्हणाले. झापाला दरवर्षी कुणीतरी वर चढून बघतंच, पत्र्यावर वीस वर्षं कुणी चढत नाही. हा मुद्दा मी प्रोसीडिंग्जमध्ये घातला : वर्षातून एकदा, सप्टेंबरात, छपरावर माणूस चढेल.

मंजुरी, टेंडर, काम. एप्रिलमध्ये शेड उभी राहिली. जुने झाप उतरवायचं काम तातांनाच दिलं. मजुरी घेतली, झाप चुलीला म्हणून टेम्पोत भरले. जाताना नव्या छपराकडे मान वर करून बघितलं, पांढऱ्या पत्र्यावर टकटक केलं आणि म्हणाले, पक्षी घरटं करणार नाहीत. तेवढंच.

मे महिन्यात शेड जुन्या छपराइतकी गार नव्हती. नव्हतीच. पंखे लावावे लागले. पाऊस आला की क्लास बंद, उस्ताद हातवारे करतो. मुलीने चित्रकलेच्या वर्गाबद्दल महिनाभर तक्रार केली, कारण जमिनीवरचे उजेडाचे ठिपके गेले होते. भट्टी मात्र मी तरीही चाळीस पावलं लांब नेली. सुबेदार साहेबांनी तिथे चुन्याने रेघ मारून घेतली. त्या रेघेबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

त्याच मे महिन्यात वीस दिवस रजा काढून गावी गेलो. आईला विचारलं, कौलं घालू का? दिसायला चांगली दिसतील. स्लॅब टाकू का? तिने विचार करून ठेवला होता. कौलं माकडं फोडतात, परत चढायला गडी शोधा. स्लॅबला पडवीच्या मातीच्या भिंती पुरणार नाहीत, सगळं पाडावं लागेल. "पत्रा घाल. निळा."

तीन दिवस आम्ही गवत उतरवलं. वरचा थर पांढरट, मधला तपकिरी, आणि तळाचा चुलीच्या धुराने काळा. तो काळा थर वडिलांच्या हातचा होता, दरवर्षी त्याच्यावरच नवीन गवत चढत गेलेलं. वळचणीत खोचलेला त्यांचा विळा सापडला, गंजून पातळ झालेला. आढ्याजवळ धुराने पिवळं पडलेलं एक इनलँड पत्र होतं, खडकवासल्याहून मी लिहिलेलं. निम्मं वाळवीने खाल्लेलं. उरलेल्या निम्म्यात मी पैसे मागितले होते. आई म्हणाली, "ठेव बाजूला." विळा तिने धार लावायला दिला.

वासे बदलले, लोखंडी पट्ट्या टाकल्या. स्क्रू लावताना मी कडेच्या ओळीत जवळजवळ लावायला सांगितले, तेव्हा पत्रेवाल्या पोराने माझ्याकडे असं बघितलं की हा फौजी आपल्याला काय शिकवतो. तरी लावले. आतून थर्माकोल लावू असं तो म्हणाला, तर मी नको म्हणालो, ते पेटतं. चुलीच्या वर तर नाहीच.

मी चेन्नईला परत आलो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे पाऊस सुरू झाला. रात्री दहाला आईचा फोन. ती या वेळेला कधी फोन करत नाही, म्हणून मी घाबरून उचलला. पलीकडून नुसता आवाज, कुणी मुठी भरभरून खडी ओततंय असा. मी दोन-तीनदा हॅलो म्हणालो. मग तिचा आवाज आला, ओरडून बोलत होती.

"ऐकू येतंय का रं? केवढा आवाज! टीव्हीतलं काही कळंना."

"मग झोप कशी लागणार?" मीही ओरडलो.

"लागंल की. पातेली मांडायची नाहीत आता. ठेवते, तूही झोप."